आईवडिलांना उंची चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेताना

आईला किंवा वडिलांना घेऊन एखाद्या उंची चिनी रेस्टॉरंटमध्ये जायचे ठरले की आपले सगळे लक्ष पदार्थांकडे आणि दरांकडे लागते. प्रत्यक्षात असे जेवण फसते ते वेगळ्याच कारणांनी. मंद प्रकाशात मेनूवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत, आठ-दहा जणांना पुरेल एवढा पदार्थ दोघांसमोर येऊन पडतो, चॉपस्टिक हातात धरताना संकोच वाटतो, आणि बिल आले की आई आपल्याआधी त्याकडे हात नेते. यांतील जवळजवळ प्रत्येक अडचण घरातून निघण्यापूर्वीच दूर करता येते. शिवाय एक मोठी गोष्ट आपल्या बाजूची आहे: चिनी भोजनाचे बहुतेक संकेत वडीलधाऱ्यांना केंद्रस्थानी ठेवूनच घडलेले आहेत. मानाची खुर्ची कोणाची, पहिला घास कोणी घ्यायचा, चहा आधी कोणाच्या पेल्यात ओतायचा, हे तिथे वयाच्या ज्येष्ठतेवरून ठरते. त्यामुळे आईवडिलांचा मान राखण्यासाठी वेगळे काही योजण्याची गरज नसते. आहे तो शिष्टाचार माहीत करून घेतला आणि त्याच्या वाटेतले अडथळे काढून टाकले की पुरते.

कोणत्या प्रांताचे जेवण निवडावे

चिनी जेवण म्हणून एकच एक प्रकार नसतो, आणि रेस्टॉरंट जितके उंची तितके ते एखाद्या विशिष्ट प्रांताच्या पाककलेशी जोडलेले असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून रेस्टॉरंटच्या नावाआधी त्याचा प्रांत पाहावा. ग्वांगडोंग प्रांत आणि हाँगकाँग यांची कॅन्टोनीज पद्धत वाफवण्यावर, मंद आचेवरच्या सूपांवर आणि सौम्य चवीवर उभी आहे. शांघाय, सूझौ, हांगझौ या यांगत्झे नदीच्या खालच्या खोऱ्यातील शहरांकडे सोया सॉस, साखर आणि तांदळाची वाइन घालून तासन्‌तास शिजवलेले मऊ पदार्थ मिळतात. सिचुआनमध्ये मिरचीबरोबर हुआजिआओ नावाचे छोटे सुगंधी फळ वापरतात, तर बीजिंगची ख्याती भाजलेल्या बदकासाठी आहे.

आईवडिलांना अशा ठिकाणी पहिल्यांदाच नेत असाल तर कॅन्टोनीज किंवा शांघायकडचे रेस्टॉरंट निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दात कमकुवत असलेल्या, तिखट सोसत नसलेल्या किंवा रात्री हलके खाणाऱ्या माणसाला तिथे निवड करायला पुष्कळ वाव असतो. मात्र कॅन्टोनीज पदार्थ दिसायला फार साधे असतात, याची कल्पना आधी द्यायला हवी. पांढऱ्या ताटलीत वाफवलेला मासा, त्यावर आल्याचे आणि पातीच्या कांद्याचे बारीक तुकडे, खाली थोडा सोया सॉस, इतकेच समोर आले की "यासाठी एवढे पैसे?" हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. त्या पैशांत माशाचा ताजेपणा असतो आणि तो नेमक्या मिनिटाला आचेवरून उतरवण्याचे कसब असते. हाँगकाँगच्या लुंग किंग हीन या कॅन्टोनीज रेस्टॉरंटला, रेस्टॉरंटांना दर्जानुसार तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शकाच्या २००९ च्या आवृत्तीत तीन तारे मिळाले आणि हा मान मिळवणारे ते पहिले चिनी रेस्टॉरंट ठरले. त्याची ओळखही मसाल्यांच्या भडिमारावर उभी राहिलेली नव्हती.

सिचुआनी रेस्टॉरंटमध्ये जाणार असाल तर हुआजिआओबद्दल आधीच सांगून ठेवावे. त्यात सॅनशूल नावाचे द्रव्य असते आणि त्यामुळे दोन-चार घासांनंतर ओठांना व जिभेला मुंग्या येऊन बधिरपणा जाणवतो. तो काही मिनिटांत ओसरतो. परंतु ज्यांना हे ठाऊक नसते त्या वयस्क माणसाला आपल्याला काहीतरी होते आहे, अशी खरोखरची भीती वाटू शकते, आणि मग उरलेले जेवण त्या चिंतेतच जाते.

वेळ, जागा आणि एक फोन

शक्य असेल तर रात्रीऐवजी दुपारचे जेवण ठरवावे. उजेड असतो, वेटरांना सवड असते, घरी परतायची घाई नसते आणि जड जेवण पचायला वेळ मिळतो. कॅन्टोनीज रेस्टॉरंटमध्ये दिमसम, म्हणजे वाफवलेल्या व तळलेल्या छोट्या पदार्थांचा प्रकार, परंपरेने सकाळपासून दुपारपर्यंतच वाढला जातो. एका करंडीत तीन-चार नग येत असल्याने दोघांनाही सात-आठ पदार्थ चाखता येतात, आणि एखादा आवडला नाही तरी फारसे बिघडत नाही. अडचण एवढीच की सुटीच्या दिवशी दिमसमच्या वेळी गलका भयंकर असतो. कानाला यंत्र लावणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी शेजारच्या टेबलावरचे सगळे ऐकू येते आणि समोरच्याचे काहीच ऐकू येत नाही. तेव्हा आठवड्यातला कामाचा दिवस निवडावा आणि भिंतीलगतचे, स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचे टेबल मागून घ्यावे.

टेबल राखून ठेवण्याचा फोन हा या सगळ्या तयारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ऑनलाइन नोंदणी झाली असली तरी फोन करावाच. पायऱ्या किती आहेत, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, पाठ टेकता येईल अशी खुर्ची मिळेल का, पदार्थ लहान प्रमाणात मिळतात का, आणि कोणत्या पदार्थांची मागणी आधी नोंदवावी लागते, हे त्यात विचारून घ्यावे. अनेक उंची चिनी रेस्टॉरंटांत कुटुंबांसाठी स्वतंत्र खोल्या असतात. शांततेसाठी त्या उत्तमच, परंतु त्यांना बहुधा किमान खर्चाची अट असते आणि दोघातिघांच्या जेवणात ती पूर्ण करताना नको इतके पदार्थ मागवावे लागतात. पाच-सहा जण असतील तरच खोलीचा विचार करावा.

मेनू संकेतस्थळावर असेल तर तो आदल्या दिवशी मोठ्या अक्षरांत उघडून आईवडिलांबरोबर वाचावा. इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. "काय खाशील?" असे विचारले की "काहीही चालेल" हेच उत्तर येते, आणि आलेल्या पदार्थाला हात लावला जात नाही. त्याऐवजी "काय नको?" असे विचारावे. नको असलेल्या गोष्टी माणूस चटकन आणि खऱ्याखुऱ्या सांगतो. मेनूवरचे दर त्यांना दिसू नयेत असे वाटत असेल तर निवडक पदार्थांची नावे कागदावर उतरवून घ्यावीत. दर वाचून भूक मेलेले आईवडील पुष्कळ घरांत आहेत.

बसणे आणि चहा

चिनी रीतीनुसार दाराकडे तोंड करून असलेली, दारापासून सर्वांत दूरची खुर्ची मानाची असते. तिथे आई किंवा वडील बसतील असे पाहावे आणि ते बसेपर्यंत आपण उभे राहावे. आपली जागा त्यांच्या लगतची असावी. ज्या कानाने त्यांना चांगले ऐकू येते त्या बाजूला बसले तर आवाज न चढवता बोलता येते. टेबल गोल आणि मोठे असेल तर मधोमध फिरती चकती असते. पदार्थ आला की चकती फिरवून तो आधी वडीलधाऱ्यांसमोर आणावा, त्यांनी घेतल्यावर ती सावकाश पुढे सरकवावी, आणि कोणी वाढून घेत असताना ती फिरवू नये. चीनमध्ये अशा चकतीचा पुरस्कार करणाऱ्यांत डॉक्टर वू ल्येनदे यांचे नाव येते. १९१०-११ मधील मांचुरियाच्या प्लेगशी झुंजलेल्या या वैद्याला एकाच भांड्यात सगळ्यांच्या चॉपस्टिक जाणे धोक्याचे वाटत होते. आजही उंची रेस्टॉरंटांत प्रत्येकासमोर पुष्कळदा चॉपस्टिकच्या दोन जोड्या मांडलेल्या दिसतात, त्यांतली एक वाढून घेण्यासाठी आणि दुसरी खाण्यासाठी असते. हे आधी सांगून ठेवले तर दोन जोड्या पाहून गोंधळ उडत नाही.

पहिला येतो तो चहा. तो सहसा दूध-साखरेशिवाय असतो आणि कोणता हवा ते विचारले जाते. हांगझौचा लोंगजिंग हा हिरवा चहा कोवळ्या चवीचा असतो, फूजियान प्रांतातील आनशीचा तिएग्वानयिन फुलांसारखा सुगंधी लागतो, तर युन्नानचा पू-अर गडद, मातकट चवीचा असतो आणि तेलकट पदार्थांबरोबर तो अनेकांना आवडतो. या तिन्हींत कॅफीन असते. रात्री झोप न लागण्याची तक्रार असलेल्यांसाठी शेवंतीच्या फुलांचा चहा मागवावा, त्यात ते नसते. चहा ओतताना आधी वडीलधाऱ्यांचा पेला भरावा, आपला शेवटी. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतत असताना टेबलावर दोन बोटांनी हलकेच टकटक करणे ही आभार मानण्याची कॅन्टोनीज रीत आहे, आणि किटली रिकामी झाली की झाकण तिरके करून ठेवावे, म्हणजे वेटर न सांगता पाणी भरून नेतो. वडिलांना अशा खुणा शिकवून ठेवाव्यात. पहिल्या पाच मिनिटांतला अवघडलेपणा त्याने जातो. चहासाठी माणशी वेगळा आकार आणि बसताच समोर ठेवलेल्या दाण्यांचे किंवा लोणच्याचे वेगळे पैसे लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. नको असेल तर ते सुरुवातीलाच परत पाठवणे मुळीच असभ्य नाही.

काय आणि किती मागवावे

चिनी जेवणात प्रत्येकाचा वेगळा पदार्थ नसतो. सगळे पदार्थ मध्ये ठेवून सर्वांनी वाटून घ्यायचे असतात. माणसे जितकी, त्याहून एक पदार्थ अधिक, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. परंतु हा हिशेब तरुण भुकेचा आहे. वयस्क माणूस बरोबर असेल तर माणसे तितकेच पदार्थ, वर सूप आणि थोडा भात, एवढे पुरेसे होते. दोघांसाठी एक वाफवलेला किंवा मंद आचेवर शिजवलेला मुख्य पदार्थ, एक पालेभाजी, लहान सूप आणि भात, अशी मांडणी मला सर्वांत निर्धोक वाटते. पदार्थ निवडताना शिजवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असाव्यात. तीन पदार्थ मागवले आणि तिन्ही दाट, चकचकीत सॉसमधले निघाले, हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. एखादा नवखा पदार्थ अवश्य असावा, पण एकच.

मोठ्या मेजवानीत आधी थंड पदार्थ, मग गरम, शेवटाकडे मासा, आणि अगदी शेवटी भात किंवा नूडल्स असा क्रम असतो. भातावाचून जेवण सुरू करणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी भात पहिल्यापासून हवा, असे मागणी नोंदवतानाच सांगावे. तसे न सांगितल्यास भाज्या निवून गेल्यावर भात येतो आणि वेटरला हाका मारण्यात सूपही निवते.

जिवंत मासे, खेकडे, शेवंडे यांच्यापुढे मेनूवर पुष्कळदा आकडा नसतो, बाजारभाव एवढेच लिहिलेले असते किंवा वजनावर दर दिलेला असतो. अशा वेळी दराबरोबर वजनाचे एकक आणि निवडलेल्या माशाचे प्रत्यक्ष वजनही विचारावे. मुख्य चीनमध्ये एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम, तर हाँगकाँगमध्ये त्याच एककाचे वजन सुमारे ६०५ ग्रॅम भरते. एकूण किंमत किती होईल हे वेटरकडून आधीच वदवून घेण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. महागडा मासा मागवणारे चिनी यजमानही तसेच करतात.

वडीलधारे शाकाहारी असतील तर सर्वाधिक सावधपणा इथे लागतो, कारण पदार्थाच्या नावावरून काहीच कळत नाही. मापो टोफू हा सिचुआनमधील चेंगडूचा प्रसिद्ध पदार्थ टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा, असला तरी त्यात परंपरेने गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा खिमा असतो. सुक्या परतलेल्या शेंगांतही खिमा पडतो. पालेभाज्यांवर कालवांपासून केलेला ऑयस्टर सॉस ओततात, सूपाचा पाया कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांचा असतो, आणि एक्सओ सॉसमध्ये सुकवलेले शिंपले, सुकी कोळंबी व खारवलेले डुकराचे मांस असते. याउलट "माशाच्या सुगंधाचे वांगे" अशा नावाच्या सिचुआनी पदार्थात मासा अजिबात नसतो, पण खिमा मात्र असू शकतो. म्हणून "शाकाहारी आहे ना?" एवढे विचारून थांबू नये, कारण मांसाचे तुकडे नाहीत एवढ्यावर होकार मिळून जातो. खिमा, हाडांचे पाणी, ऑयस्टर सॉस, सुकी कोळंबी, चरबी आणि अंडे यांची नावे घेऊन एकेक विचारावे, आणि तेही फोनवरच. बौद्ध मठांत घडलेली शाकाहारी पाककला चीनमध्ये फार जुनी आहे. तिच्यात कांदा-लसणासारखे उग्र वासाचे पदार्थही वर्ज्य असतात. "बौद्ध पद्धतीचे शाकाहारी" असे सांगितले तर जाणत्या स्वयंपाक्याला नेमके काय टाळायचे ते चटकन समजते. भाज्या, मशरूम आणि टोफू यांचा लुओहान झाय हा पदार्थ याच परंपरेतला. तिथे बदक किंवा मासा अशा नावांनी गव्हाच्या ग्लूटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचे, व सोयाचे पदार्थही मिळतात आणि ते दिसायलाही हुबेहूब असतात. आईला ताटलीत मांसाचा भास नकोसा वाटत असेल तर ते टाळावेत.

मद्य वर्ज्य असणाऱ्यांसाठीही एक प्रश्न ठेवावा. शाओशिंगची तांदळाची वाइन मांस मुरवताना आणि रस्सा करताना सर्रास वापरली जाते, आणि सू दोंगपो या ११व्या शतकातील कवीच्या नावाने ओळखले जाणारे हांगझौचे डुकराचे मांस तर त्या वाइनमध्येच शिजते.

पथ्याच्या बाबतीत पहिला आग्रह हटकून अजिनोमोटोविरुद्ध असतो. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्रशैवालाच्या पाण्यातून ही चव वेगळी काढली. १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानंतर तिच्याविषयीचा संशय जगभर पसरला, परंतु पुढच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात तिचा ठरावीक अपाय सातत्याने दिसून आलेला नाही. रक्तदाब असलेल्यांनी काळजी करायची ती सोडियमची. अजिनोमोटोत, म्हणजेच मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये, सुमारे १२ टक्के सोडियम असते आणि साध्या मिठात सुमारे ३९ टक्के. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आतली आहे. तेव्हा "अजिनोमोटो नको" या सूचनेपेक्षा "सॉस कमी आणि तो वेगळ्या वाटीत" ही सूचना कितीतरी अधिक उपयोगाची आहे. मधुमेह असेल तर गोड-आंबट पदार्थ आणि कॉर्नफ्लोअर लावून तळून सॉसमध्ये घोळलेले पदार्थ एकाच जेवणात मागवू नयेत. शेंगदाणे, तीळ किंवा कोळंबी यांची ॲलर्जी असेल तर नुसते "वरून घालू नका" म्हणून भागत नाही, कारण एकाच कढईत पाठोपाठ पदार्थ परतले जातात. ॲलर्जी आहे हे त्याच शब्दात सांगावे. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, हेही ग्लूटेन न चालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ताटलीपासून तोंडापर्यंत

चॉपस्टिक येत नसतील तर चमचा मागावा, आणि तो आपण मागावा. "बाबा, तुम्हाला चमचा हवा का?" असे वेटरसमोर विचारले की बाबा हटकून नाही म्हणतात आणि पुढचा तासभर घसरणाऱ्या टोफूशी झगडत बसतात. आपण स्वतःसाठी चमचा-काटा मागितला आणि दोन जोड आणायला सांगितले की प्रश्न मिटतो. चॉपस्टिक वापरत असाल तर त्या भातात उभ्या खोचू नयेत. अंत्यसंस्कारातील उदबत्त्यांची आठवण होत असल्याने ते अशुभ मानतात. भाताची वाटी हातात उचलून तोंडाजवळ नेणे मात्र पूर्णपणे शिष्टसंमत आहे आणि हात थरथरणाऱ्या माणसाला ती मोठीच सोय आहे.

शाओलोंगबाओ या शांघायच्या पदार्थाची ओळख मात्र आधी करून द्यायलाच हवी. बाहेरून ते पातळ पारीचे, वर चुण्या घातलेले छोटे गाठोडे दिसते. आत खिम्याबरोबर उकळता रस असतो. डुकराच्या कातडीचे व हाडांचे घट्ट गोठलेले सूप सारणात मिसळून भरतात आणि वाफेवर ते वितळून पुन्हा पातळ होते. सगळे एकदम तोंडात टाकले तर टाळू भाजते. म्हणून करंडीच्या तळाला पारी चिकटलेली नाही ना हे पाहून ते चुण्यांच्या बाजूने अलगद उचलावे, खोलगट चमच्यात ठेवावे, कडेला लहानसे भोक पाडून वाफ जाऊ द्यावी, रस चमच्यात ओघळला की तो आधी प्यावा, आणि मग आल्याच्या काड्या घातलेल्या काळ्या व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून उरलेले खावे. पहिले आपण खाऊन दाखवावे, म्हणजे सूचना देत बसावे लागत नाही.

अख्खा मासा आला की त्याचे डोके मानाच्या व्यक्तीकडे करून ठेवतात आणि त्या व्यक्तीने सुरुवात केल्याशिवाय इतर जण हात लावत नाहीत. काटे काढून वाटून द्यायला वेटरला सांगता येते. तो शेजारच्या छोट्या टेबलावर चमच्याच्या कडेने कण्याच्या रेषेवर माशाला फाक देतो, वरचे मांस दोन्ही बाजूंना उलगडतो, शेपटाकडून कणा उचलून डोक्यासकट वेगळा करतो आणि उलगडलेले मांस पुन्हा जागी ठेवून वर रस्सा घालतो. मासा उलथवत नाहीत. चीनच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत मासा उलथणे म्हणजे होडी उलथणे समजतात. गालाजवळचा मांसाचा लहान तुकडा सर्वांत नाजूक असतो, तो आईच्या वाटीत जायला हवा. तरीही प्रत्येक घास बोटाने किंवा जिभेने चाचपून खायला सांगावे, कारण बारीक काटे राहतातच. कोंबडी आणि बदक यांचे तुकडे चिनी पद्धतीत हाडासकट सुरीने तोडलेले असतात आणि हाडांच्या कपच्या मांसात राहतात. कवळी वापरणाऱ्यांसाठी हाडाविना केलेलाच पदार्थ मागवावा. १९व्या शतकातील सिचुआनचे गव्हर्नर दिंग बाओझेन यांच्याशी नाते सांगणाऱ्या गोंगबाओ चिकनमधल्या सुक्या लाल मिरच्या, तसेच रश्श्यातले चक्रीफूल आणि दालचिनीचे तुकडे खाण्यासाठी नसतात. ते ताटलीच्या कडेला काढून ठेवावेत.

बीजिंगचे बदक हवे असेल तर ते बहुधा आदल्या दिवशी सांगावे लागते, कारण कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरणे, माल्टोज या साखरेचे पाणी चोळणे आणि वाळवणे यांत वेळ जातो. बीजिंगमध्ये १८६४ साली सुरू झालेल्या च्वानज्यूदे या रेस्टॉरंटने ते फळझाडांच्या लाकडावर टांगून भाजण्याची पद्धत गाजवली. दोघांसाठी अर्धे बदक पुरते. कातडीचे कुरकुरीत तुकडे साखरेला लावून लगेच खावेत, मग पातळ पोळीवर गोडसर काळा सॉस, मांस, काकडी आणि पातीचा कांदा ठेवून गुंडाळी करावी. ज्यांच्या बोटांना सांधेदुखीचा त्रास आहे त्यांच्यासाठी ती वेटर आनंदाने करून देतो.

शेवटी गोड म्हणून तिळाचे सारण भरलेले तांगयुआन सुचवले जातात. चिकट तांदळाचे हे गोळे गिळताना घशात अडकू शकतात, म्हणून गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला ते देऊ नयेत. बदामाच्या चवीचा मऊ टोफू, आंब्याचे पुडिंग किंवा नुसती फळे बरी. वाढदिवसानिमित्त गेला असाल तर दीर्घायुष्याच्या नूडल्स मागवाव्यात. त्या न तोडता लांबच्या लांब खाव्यात असा संकेत आहे, पण धाप लागणाऱ्या वडिलांनी संकेत पाळलाच पाहिजे असे नाही.

बिल

बिलावरून ओढाताण करणे हा चिनी कुटुंबांचाही आवडता खेळ आहे आणि त्यावरचा तोडगाही त्यांनीच काढलेला आहे: जेवण संपत आले की हात धुण्याच्या निमित्ताने उठावे आणि परस्पर पैसे भरून यावे. त्याहून चांगले म्हणजे आत शिरतानाच व्यवस्थापकाला कार्ड देऊन बिल टेबलावर आणू नये असे सांगावे. सही करण्यापूर्वी चहाचा आकार, सेवाशुल्क आणि वजनावरच्या माशाची रक्कम तपासावी. सेवाशुल्क बिलातच असेल तर वेगळी बक्षिसी देण्याची गरज नसते, आणि मुख्य चीनमध्ये तर ती देण्याची प्रथाच नाही. आईने "किती झाले?" विचारले तर आकडा सांगायचा की नाही हे ज्याने त्याने आपल्या आईकडे पाहून ठरवावे.

उरलेले बांधून मागणे उंची चिनी रेस्टॉरंटमध्येही अगदी रूढ आहे आणि आईवडिलांना अन्न टाकल्याची टोचणी लागत नाही. भात आणि नूडल्स मात्र दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हव्यात, कारण शिजलेल्या भातात टिकून राहणारे जिवाणू नेहमीच्या तापमानात वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वाफवलेले दिमसम मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात, ते पुन्हा वाफेवरच गरम करावेत. उरलेला वाफवलेला मासा न्यायचा असेल तर वेटरकडून काटे काढून घेऊनच डब्यात भरावा.